खुब्याचे दुखणे: समज आणि उपचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास असे भारदस्त विषय होऊन गेले. त्यांच्या पंक्तीला खुब्याच्या दुखण्याने येऊन बसावे, हे काहींना विजोड वाटेल. परंतु ज्या पिढीने हे मंडळ उभे केले, ती आता कठड्याला धरून जिना चढते आहे, आणि आपले सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. तेव्हा हा विषय मंडळाच्या कार्यकक्षेबाहेरचा आहे, असे मला वाटत नाही.

आरंभ शब्दापासूनच करावा लागेल. आपण या हिंदी मुलखात स्थिरावलो, इथली भाषा सहज बोलू लागलो, तरी दुखणे सांगताना मायबोली मध्ये डोकावतेच. कुल्ल्याच्या बाजूचे हाड दुखत असले तरी आपल्या घरांतून "कंबर दुखते" असेच म्हणतात. त्याचे "कमर में दर्द" होते आणि डॉक्टरांचे लक्ष साहजिकच पाठीच्या कण्याकडे वळते. कण्याचा एक्स-रे निघतो. पन्नाशीनंतरच्या बहुतेक कण्यांत थोडीबहुत झीज दिसतेच. आणि "मणक्यात गॅप आहे" हे वाक्य घेऊन रुग्ण घरी येतो. पुढे वर्ष-वर्ष कमरेचा पट्टा बांधला जातो आणि दुखणे जागच्या जागी राहते. खुब्याला हिंदीत कूल्हा म्हणतात. पण शब्दापेक्षा बोट अधिक खरे बोलते. दुखते ती जागा डॉक्टरांना एका बोटाने दाखवावी.

उभे राहून मांडीच्या वरच्या भागावर बाहेरच्या अंगाने तळहात फिरवला, तर एक टणक उंचवटा हाताला लागतो. तो मांडीच्या हाडाचा भाग. त्याचे शास्त्रीय नाव ग्रेटर ट्रोकँटर. ग्लुटियस मीडियस आणि ग्लुटियस मिनिमस हे कुल्ल्याचे दोन स्नायू आपापल्या कंडरांनी येथे जोडलेले असतात, आणि त्यांच्यावरून मांडीच्या बाहेरच्या बाजूने एक रुंद, चिवट पट्टा गुडघ्यापलीकडे उतरतो. हे सारे एकमेकांवर घासू नये म्हणून निसर्गाने मध्ये पातळ पिशव्या ठेवल्या आहेत. त्यांत वंगणासारखा थोडासा द्रव असतो. लॅटिनमध्ये पिशवीला बर्सा म्हणतात. इंग्रजीतील पर्स हा शब्द त्याच कुळातला. आपण आजीचा बटवा डोळ्यांसमोर आणावा. या बटव्याला सूज आली की तो बर्सायटिस.

पूर्वी या जागेच्या वेदनेचा सारा दोष बर्सावर टाकला जाई. सोनोग्राफी आणि एमआरआय आल्यावर निराळेच चित्र दिसले. बहुसंख्य रुग्णांत मूळ बिघाड त्या दोन स्नायूंच्या कंडरांत असतो; बर्साची सूज असलीच तर ती सोबतीला आलेली असते. म्हणून आज डॉक्टर 'ग्रेटर ट्रोकँटरिक पेन सिंड्रोम' असे लांबलचक नाव वापरतात. हा बदल केवळ पंडिती नव्हे. सुजलेल्या पिशवीला विश्रांती मानवते. दुबळ्या कंडरेला नुसती विश्रांती दिली तर ती अधिकच दुबळी होते. उपचाराची दिशाच त्यामुळे बदलली.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक, आणि तोही चाळिशी ते साठीच्या दरम्यान. खूण अशी: त्या कुशीवर झोपता येत नाही. जिना चढताना, बराच वेळ बसून उठताना, एका पायावर उभे राहून साडीचा परकर घालताना कळ येते. ती मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरू शकते. उंचवट्यावर बोट दाबले की रुग्ण दचकतो. सांधाच झिजला असेल तर वेदना बहुधा जांघेत असते, आणि पायमोजे घालणे किंवा मांडी घालणे अवघड होते. या विकारात ते सहसा जमते. कळ गुडघ्याखाली पावलापर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर मात्र कण्याकडे पाहावे. सांगण्याचा हेतू हा, की बाहेरच्या बाजूचा खुबा दुखला म्हणजे सांधा बदलावा लागणार, ही धास्ती बहुतेकदा निराधार असते.

काही गोष्टींत मात्र दिरंगाई नको. ताप, जागा लाल व गरम होणे, संध्याकाळचा ज्वर व वजन घटणे (आपल्या देशात हाडांचा क्षय विसरून चालत नाही), वृद्ध व्यक्ती पडल्यानंतर पाय टेकता न येणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे. यांपैकी काही असेल तर त्वरित तपासणी हवी. तसेच स्टेरॉइड औषधे घेतलेल्यांना जांघेत वेदना सुरू झाली, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. २०२०-२१ च्या कोविड साथीनंतर असे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आढळले.

आता उपचार. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे किंवा तिच्यापलीकडे गेला की कंडरा हाडावर दाबली जाते. आपण दिवसभर नेमके हेच करतो. नातवंडाला कडेवर घेऊन एक कुल्ला बाहेर काढतो, ओट्यापाशी एका पायावर भार टाकून पोळ्या लाटतो, खुर्चीत पायावर पाय टाकून बसतो. पंढरीच्या विठोबाला आपण समचरण म्हणतो. खुब्याच्या दृष्टीने उभे राहण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. रात्री दुखऱ्या कुशीवर झोपू नये, आणि दुसऱ्या कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये जाडशी उशी घ्यावी. पंगतीत जमिनीवर बसून उठणे जड जात असेल, तर काही महिने खुशाल खुर्ची मागावी. त्यात कमीपणा नाही. गुडघा छातीवरून पलीकडे ओढण्याचे ताणही बंद ठेवावेत. अनेकजण ते हौसेने करतात आणि दुखणे वाढवतात. उंचवट्यावर जोरकस मालीश नको; तेल हलक्या हाताने लावले तर तक्रार नाही.

या सवयी सुधारल्या की व्यायाम. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, दोन्ही गुडघ्यांभोवती ओढणी बांधावी आणि ते बाहेरच्या दिशेने हलकेच दाबून धरावेत. ते सोसले की त्याच स्थितीत कंबर उचलून खाली ठेवावी. पुढे भिंतीला हात टेकून अर्धवट बसावे, मग एका पायरीवर सावकाश चढ-उतर. किंचित वेदना चालेल. पण ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाढून राहिली, तर मात्रा अधिक झाली असे समजावे. फळ दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि आपली चूक होते ती इथे: तिसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडला जातो.

"त्यापेक्षा एक इंजेक्शन द्या ना," असे रुग्ण म्हणतात. ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर केलेल्या आणि २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचा निवाडा आहे. आठ आठवड्यांनी सवयी व व्यायाम शिकवलेल्यांपैकी शेकडा सुमारे ७७ जणांना चांगला गुण आला, स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५८, आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी २९. वर्षअखेरीस वेदनेच्या तीव्रतेत पहिल्या दोन गटांत फरक उरला नव्हता, तरी एकूण सुधारणेत व्यायामवालेच पुढे होते. इंजेक्शन निषिद्ध नव्हे. वेदनेने झोपच लागत नसेल तर ते थोडी उसंत देते. मधुमेह्यांनी मात्र पुढचे काही दिवस साखरेवर लक्ष ठेवावे. वेदनाशामक गोळ्याही थोडे दिवस घ्याव्यात, आणि मूत्रपिंड, रक्तदाब किंवा जठरव्रणाची तक्रार असेल तर विचारल्यावाचून मुळीच नाही. शस्त्रक्रियेची पाळी क्वचितच येते.

पलीकडच्या खोलीत सतरंज्या अंथरून ठेवल्या आहेत. ज्यांना व्यायाम करून पाहायचे आहेत त्यांनी चहानंतर तिकडे यावे, आणि येताना एकेक ओढणी किंवा पंचा आणावा.