कापडी पिशवीतली आठ पुस्तकं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आठवी-नववीतल्या मुलांनी काय वाचावं यावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी थोडा वेळ मागून घेतला. मुलांनी काय वाचावं, हे आम्हा शिक्षकांचं सांगून सांगून झालं आहे. मुलं खरोखर काय वाचतात, वाचताना कुठे अडतात, हे मात्र आम्ही फारसं बघत नाही. म्हणून ठरवलं की महिनाभर मीही वाचायचं, मुलांनाही द्यायचं, आणि जे होईल ते इथे येऊन सांगायचं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी माझ्या कापडी पिशवीत आठ पुस्तकं होती.

मी कर्जतला राहते आणि खालापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. ग्रंथालयही माझ्याकडेच आहे. ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं, त्यातल्या एकाचं दार वर उचलून धरल्याशिवाय उघडत नाही. रोजचा प्रवास खोपोली लोकलचा. पळसदरी, केळवली, डोलवली, लवजी, की आली खोपोली. बसायला जागा मिळाली तर एका खेपेला पंधरा-वीस पानं होतात. भात कापून झालेलं असतं, खाचरांत वाल टाकलेला असतो, आणि खिडकीतून छान गार वारा येतो. वाचायला याहून चांगला महिना नाही.

या वयाच्या वाचकाचं आपल्याकडे जरा अवघडच आहे. बालसाहित्याचं कपाट ससा, खार आणि राजकन्या इथवर येऊन थांबतं आणि त्यानंतर एकदम ‘मृत्युंजय’ सुरू होतं. मधली तीन-चार वर्षं मुलानं काय करायचं? बालभारतीनं १९७१ साली ‘किशोर’ मासिक सुरू केलं ते याच मधल्या वयासाठी, आणि त्याचे जुने अंक आमच्या कपाटात अजून फिरतात. पण मासिक वेगळं आणि कादंबरी वेगळी. कादंबरीत मूल आठ-दहा दिवस राहायला जातं.

सुरुवात अर्थातच फास्टर फेणेपासून केली. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे माझ्या पिढीचा जिवलग. किडकिडीत अंगाचा, सायकलवर स्वार, आणि तोंडानं ‘टॉक्’ करणारा. वीस पुस्तकं आहेत त्याची. २०१७ साली सिनेमा आला तेव्हा मुलांना नाव तरी कळलं. मला भीती होती की आता हे जुनं वाटेल. तसं झालं नाही. सातवीतल्या दोघांनी एका पुस्तकासाठी चिठ्ठ्या टाकल्या. भागवतांची वाक्यं धावतात. कुठे थांबून वर्णन करत बसत नाहीत, आणि संकट पानाच्या शेवटी आणून ठेवतात. पण एका मुलीनं पुस्तक परत करताना जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. ती म्हणाली, “बाई, मस्त आहे. पण मला एवढ्या लांब सायकल कोण नेऊ देणार?” साहसकथेला आधी घराचा उंबरा ओलांडावा लागतो. आमच्या मुलींची गोष्ट त्या उंबऱ्याशीच सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते.

तिला मी मग ‘चौघीजणी’ दिलं. शांताबाई शेळक्यांनी लुइझा मे अल्कॉटची ‘लिट्ल विमेन’ मराठीत आणली, तीही अशी की दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या चार बहिणी आपल्या आळीत राहायला आल्यासारख्या वाटतात. मुलीनं पुस्तक जाडजूड म्हणून तोंड वाकडं केलं, पण तीन आठवडे परत आणलं नाही. मी काही विचारलं नाही. संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ मात्र वर्गात झपाट्यानं फिरली. तिला २०२२ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. रोजच्या साध्या दिवसांची वही. तिच्यामुळे चार-पाच मुलींनी स्वतःच्या वह्या सुरू केल्या. त्या मला दाखवत नाहीत, हे उत्तमच.

आता एक कबुली. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आमच्या कपाटात होती, पण सगळ्यात वरच्या कप्प्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशी. ती मीच तिथे ठेवली होती. २००४ साली पुस्तक आलं तेव्हा मी दोन रात्रींत वाचलं होतं. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, शिरोडकर नावाची मुलगी, आणि बाहेर आणीबाणी. त्या वयाची मुलं आपापसांत जशी बोलतात तशीच या पुस्तकात बोलतात, म्हणून मी घाबरले होते. नववीतल्या मुलावर लिहिलेलं पुस्तक नववीतल्या मुलापासून लपवायचं, आणि ते लपवणारी बाई मराठीची! या महिन्यात ते खाली काढलं. नववीतल्या एका मुलाला दिलं, दोन दिवस पोटात गोळा घेऊन वाट पाहिली. त्यानं परत आणलं आणि म्हणाला, “बाई, हा आपलाच वर्ग आहे, फक्त कुणाकडे मोबाइल नाही.” मग जाता जाता म्हणाला, “आणि तिला सगळे आडनावानंच का हाक मारतात?” मी म्हटलं, तू मुलींना कशी मारतोस? तो लाजून पळाला. पुस्तक आता मधल्या कप्प्यात आहे.

‘तोत्तोचान’बद्दल मी फार बोलणार नाही, कारण ते बऱ्याच जणांनी वाचलेलं आहे. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढला आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा ही कल्पना मुलांना आवडली. लोकलनं येणाऱ्यांना मात्र तितकीशी नाही. “गर्दी नसेल तर चालेल,” असं एकीचं मत पडलं.

अरुण साधूंची ‘झिपऱ्या’ मी गाडीतच वाचत होते. मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची ही कादंबरी. केळवलीला चणे-शेंगा विकणारा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा चढला. माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघत होता, मग पुस्तकाकडे बघायला लागला. कशाचं आहे, म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, “धंदा बसला आसंल त्यांचा. आता सगळे कापडी बूट घालतात.” पाच रुपयांच्या शेंगा माझ्या हातात ठेवून पुढच्या डब्यात गेला. साधूंनी कुठेही त्या मुलांची कीव केलेली नाही, आणि हा मुलगाही कीव करत नव्हता. तो समव्यवसायिकांची चौकशी करत होता. ही नजर शहरात बसून लिहिणाऱ्याला पकडता आली, याचं मला त्या दिवशी जास्त कौतुक वाटलं.

या महिन्यात सगळ्यात जास्त बोलणं झालं ते ‘पाडस’वर. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ‘द यर्लिंग’ ही कादंबरी १९३८ साली आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं, आणि ‘सत्यकथे’चे संपादक राम पटवर्धन यांनी तिचा मराठी अनुवाद केला. फ्लोरिडाच्या रानातलं एक गरीब शेतकरी कुटुंब. ज्योडी नावाचा मुलगा हरणाचं पोर पाळतो, ते मोठं होतं आणि शेतातलं कोवळं पीक खायला लागतं. पुस्तक जाड, म्हणून मी रोज शेवटच्या तासाला थोडं वाचून दाखवायचे. शहरातल्या एका मैत्रिणीनं मला आधीच बजावलं होतं की शेवट मुलांना सोसणार नाही. आमच्या वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची. रानडुकरांनी एका रात्रीत नासवलेलं भात त्यांनी पाहिलेलं आहे. ती पहिल्यापासून ज्योडीच्या बापाच्या बाजूनं होती! “कुंपण नीट घालायला पायजे होतं,” असा एकाचा सल्ला. पुढच्या पानांत ज्योडी कुंपण उंच करतो, जीव तोडून करतो, आणि हरण त्यावरून उडी मारून जातं. तेव्हा वर्ग गप्प झाला. बाप अंथरुणावर, आई बंदूक उचलते, तिचा नेम चुकून हरण नुसतं जखमी होतं, आणि शेवटचं काम मुलालाच करावं लागतं. रडलं कुणी नाही. कुंपणाचा सल्ला देणारा मुलगा तास सुटल्यावर माझ्या टेबलापाशी आला. त्यांच्याकडे गेल्या वर्षी पाडा विकला होता, एवढंच त्यानं सांगितलं, आणि गेला.

पटवर्धनांच्या मराठीबद्दल वेगळं भाषण करावं लागेल. इतकंच सांगते की फ्लोरिडातल्या झाडांची, जनावरांची नावं अनोळखी असूनही आमची मुलं कुठे अडखळली नाहीत. उलट अलीकडच्या काही किशोर कादंबऱ्यांत कॉलनी, क्लबहाउस आणि समर कॅम्प यांच्यामध्ये ती फार अडखळतात.

आठवं पुस्तक ल. म. कडू यांचं, ‘खारीच्या वाटा’. २०१७ सालचा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्याला आहे. धरणात जाणाऱ्या गावातल्या शाळकरी मुलाची ही गोष्ट. झाडं, पायवाटा, गुरं, माणसं, सगळं त्याच्या डोळ्यांनी येतं, आणि हे सगळं जाणार आहे हे वाचणाऱ्याला हळूहळू उमगत जातं. कुठे आरडाओरडा नाही. या आठांत मला सगळ्यात आवडलेलं हेच, आणि मुलांना द्यायला सगळ्यात जास्त कचरले तेही हेच.

कारण आमचा तालुका. नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण खालापूर तालुक्यातच आहे आणि त्यासाठी गावं उठली आहेत. आमच्या शाळेत अशी मुलं आहेत ज्यांच्या आज्या गावाचं नाव सांगताना अजून पाण्याखालचं नाव सांगतात. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर आमच्या भागात ‘गाव नाहीसं होणं’ हे शब्द धड्यात आले तरी मी आधी वर्गाकडे बघून घेते. अशा मुलांच्या हाती हे पुस्तक द्यावं का? गोष्टीतून दुःख हलकं होतं, असं पुष्कळ जण म्हणतात. असेल. पण ते कुणाचं, कधी, हे बाहेरच्या माणसानं कसं ठरवायचं? म्हणून मी ते वर्गात वाचलं नाही. टेबलावर नुसतं ठेवलं.

ते उचललं आठवीतल्या एका मुलीनं. कातकरी वाडीवरून येते, चार किलोमीटर चालत. मधल्या सुट्टीत उभ्यानं काही पानं वाचली आणि मला विचारलं, “बाई, यांना दुसरी जागा देतात का?” मी मास्तरीण असल्यासारखं उत्तर दिलं, की वाच म्हणजे कळेल. शनिवारी ती पुस्तक घरी घेऊन गेली. सोमवारी आली नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे हे होतंच. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, भातकापणी उरकली की घरच्या घर वीटभट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडावर परत येतं. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळानं वस्ती रिकामी होते; आमच्या वाड्या दरवर्षी ठरल्या वेळी होतात. जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत बसता यावं. तिचं कार्ड मी भरलेलं होतं, पण न्यायला ती आलीच नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात राहिलं. मला आधी पुस्तकाची आठवण झाली, मुलीची नंतर, हेही सांगून टाकते. वर्षअखेरीला नोंदवही तपासतात, ही आमच्या हाडात बसलेली भीती.

वाडीवर गेले. दाराला बाहेरून काठी लावलेली. शेजारच्या म्हातारीनं भट्टी भिवंडीकडे कुठे तरी आहे एवढंच सांगितलं. वाडीवरच्या नववीतल्या एका मुलाकडे तिच्या भावाचा नंबर होता. त्याच्याबरोबर निरोप पाठवला: कार्ड माझ्याकडे आहे, कुणी आलं तर देते, आणि जवळच्या शाळेत जाऊन बस. पुस्तकाचं मी काही बोलले नाही.

या भाषणाच्या चार दिवस आधी उत्तर आलं. मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, कार्ड न्यायला तिचा चुलता येणार आहे बाजाराच्या दिवशी. आणि तिनं विचारलंय, पुस्तकाची शेवटची पानं आहेत तेवढीच आहेत, का फाटलीत?

घरी माझी स्वतःची प्रत आहे. रात्री ती काढून शेवटचं पान पाहिलं, पानांचे आकडे मोजले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सांगितलं, तिला कळव, पानं तेवढीच आहेत.