लपण

घरोघरी अडगळीची एक जागा असते. मोडक्या बाजेचे लाकूड, फाटकी गोणपाटे, विटलेली मच्छरदाणी, सुंभाचे तुकडे असा ऐवज तेथे वर्षानुवर्षे साठत जातो. घरातल्या बहुतेकांना तो फेकून द्यावासा वाटतो, आणि एखादाच जण 'कधी तरी उपयोगी पडेल' म्हणून त्याची राखण करीत बसतो. आमच्या घरी हे काम माझ्याकडे होते. एका उन्हाळ्यात याच अडगळीतून मी एक घर उभारले. त्यात एकाच माणसाला, तेही पाठ वाकवून, बसता येई. रानात वावरणारे लोक अशा जागेला लपण म्हणतात. त्या लपणाची आणि त्याने मला शिकविलेल्या धड्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

लपण ही मूळची शिकाऱ्याची वस्तू. पाणवठ्याशेजारी खड्डा खणून वर काटक्या पसराव्यात, किंवा झाडाच्या बेचक्यात बाज बांधून तिचे मचाण करावे, आणि सावजाची वाट पाहावी, ही रीत फार जुनी. जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या 1926 साली मारला, तोही आंब्याच्या झाडावर अनेक रात्री जागून काढल्यावर. पण त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी लपणात बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला होता. 1900 साली त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर ताणून एक पोकळ बैल बनविला. एकाने त्याच्या पोटात शिरावे आणि बिचकणाऱ्या पाखरांची छायाचित्रे घ्यावीत, अशी ती योजना. त्या पोटात काय उकाडा होत असेल, हे ज्याने वैशाखातली एक दुपार लपणात काढली आहे त्यालाच कळेल!

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपविले. मचाणे मात्र राहिली. महाराष्ट्रातील अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री लोक पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसतात आणि चांदण्यात पाण्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद करतात. आसन तेच, वाट पाहणेही तेच; हातात तेवढी बंदुकीऐवजी वही आली आहे.

आता माझ्या लपणाकडे वळतो. मांडवाचे उरलेले चार बांबू जमिनीत रोवले. तळ 1 मीटर लांब आणि तेवढाच रुंद, उंची सव्वा मीटर. बाजेच्या लाकडाचे आडवे दांडे सुंभाने आवळले. चारी बाजूंना आणि वर गोणपाट दुहेरी लावले. ते एकेरी असले, तर मागून आलेल्या उजेडात आतल्या माणसाची सावली पडद्यावर नाचते आणि सारे बिंग फुटते. पुढच्या अंगाला वीतभर भोक ठेवून त्यावर मच्छरदाणीचा तुकडा शिवला. तळ्यातला चिखल पाण्यात कालवून साऱ्या गोणपाटावर फासला. आत रॉकेलचा रिकामा डबा उपडा घालून बैठक केली. खर्च एका पैचाही आला नाही.

टाकाऊ सामानाचा मोठा गुण असा, की ते नवे दिसत नाही. जुने गोणपाट आधीच धुळीच्या रंगाचे झालेले असते. पाखराला समोर एखादा उंचवटा दिसला तर ते फारसे भीत नाही. त्याला भीती वाटते ती हालचालीची. म्हणून गोणपाटाचा एकही पदर वाऱ्यावर फडफडता कामा नये. मी कडेने दगड ठेवले, ठिकठिकाणी टाके घातले. कारागिरी जमली, घाई नडली.

तळ्याकाठच्या माळावर टिटवीने खडे रचून चार अंडी घातली होती. मी एका सकाळी सारे सामान नेले, घरट्यापासून दहा पावलांवर लपण उभे केले आणि लगेच आत जाऊन बसलो. नर आणि मादी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली. 'होईल सवय' असे म्हणत मी हललो नाही. ऊन चढत गेले. कडक उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी. ती पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी निववते. हे मी पुस्तकात वाचले होते. ते छायाचित्रात पकडावे म्हणूनच तर तेथे बसलो होतो. माझ्या तेथे बसण्यामुळेच ते घडत नाही, एवढे उमजायला मला दुपारचे दोन वाजले. मी निघून गेल्यावर टिटवी परतली. पुढे कितीतरी दिवस ती त्या अंड्यांवर बसत राहिली. पण त्यांतून पिलू एकही निघाले नाही.

'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण आपण सारे जाणतो. पंचतंत्रातल्या गोष्टीत समुद्र टिटवीची अंडी नेतो, आणि शेवटी त्याला ती परत करावी लागतात. मला तेवढीही सोय उरली नव्हती.

पुढे एकदा तो 1972 चा कायदा वाचनात आला. 'शिकार' या शब्दाची व्याख्या करताना वन्य पक्ष्यांची अंडी नासणे, त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे, यांचाही त्यात समावेश केलेला आहे. मी उभ्या आयुष्यात बंदूक हाती धरली नव्हती. तरीही त्या दुपारी माझ्या लपणात शिकारीच बसला होता.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. घरट्याजवळ लपण करायचे नाही. जेथे कोसभरात दुसरे पाणी नाही, अशा पाणवठ्यालाही अडवून बसायचे नाही. तहानेले जनावर आपल्या भीतीने माघारी जाते. लपण आधी दूर उभे करायचे आणि आठवडाभर रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे. उजाडण्यापूर्वी आत जायचे. दिवसा जावे लागलेच, तर सोबत्याला घेऊन दोघांनी आत शिरावे आणि त्याने एकट्याने परत जावे. पाखरांना हा हिशेब बहुधा उमगत नाही. माणूस गेला असे समजून ती निर्धास्त होतात.

पुढच्या उन्हाळ्यात तेच गोणपाट, तेच बांबू घेऊन मी तळ्याच्या काठी, घरट्यांपासून पुष्कळ दूर बसलो. भर दुपारी एक टिटवी तुरुतुरु चालत पाण्यात उतरली, पोट बुडेपर्यंत वाकली, दोनदा अंग हलविले आणि तशीच निथळत माळाकडे उडाली. ती कोठे जाते हे पाहण्यासाठी मी उठलो नाही.

ते गोणपाट आजही अडगळीत आहे. दर उन्हाळ्यात त्याला एखादे नवे ठिगळ लागते. लपणात बसून कॅमेऱ्यात काय आले, हे मी आता घरी पोहोचल्यावर पाहतो. निघताना आधी पाहतो ते एवढेच, की मी येण्यापूर्वी तेथे जे चालले होते, ते अजून तसेच चालले आहे ना.