रेसकोर्सवरचा रविवार

(गिरणगावातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गिरणगावातील कुटुंबांची रविवारची फेरी पुन्हा सुरू करावी, एवढीच सूचना घेऊन मी आलो आहे. श्रमसंहितांनी कामगारांच्या हक्कांवर गदा आणली असताना समाजवाद्यांनी हवा खायला जाण्याची चळवळ करावी काय, हा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गतकाळाच्या हळहळीत नाही. ते इतिहासात आणि थोड्या अंकगणितात आहे.

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार कोणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या. २४ एप्रिल १८९० रोजी या महालक्ष्मी परिसरातच सुमारे १०,००० कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. रेसकोर्स येथे आले ते १८८३ च्या सुमारास. घोड्याला विश्रांती लागते हे धनिकांना ठाऊक होते. माणसालाही लागते हे पटवायला सहा वर्षे लागली!

त्या रविवारची संध्याकाळ आमच्या लहानपणी कशी जाई, हे तरुण साथींना सांगितले पाहिजे. सातरस्त्याच्या चाळींतून चार-सहा बिऱ्हाडे एकदम निघत. धोबीघाटाजवळून पूल ओलांडायचा, रेसकोर्सच्या कडेकडेने चालायचे आणि हाजीअलीला समुद्र पाहून परतायचे. चणे-शेंगदाण्यांची पुडी एवढाच खर्च. आठवडाभर दहा बाय बाराच्या खोलीत आणि नळाच्या रांगेत अडकलेल्या आमच्या आया त्या दोन तासांत एकमेकींशी मोकळेपणाने बोलत. साचेखात्यातली भांडणे, कुणाची बदली, कुणाच्या मुलीचे लग्न, युनियनची वर्गणी, साऱ्याचा निकाल चालता चालता लागे. त्याला कुणी चळवळ म्हटले नाही. पण संपाच्या दिवसांत शेजार टिकला तो अशाच सवयींवर.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि सर्वांना एकाच दिवशी मिळणारी सुटीही त्यांच्याबरोबर गेली. आज एका घरातला मुलगा सुरक्षारक्षक म्हणून रात्रपाळीला, सून मॉलमध्ये, दुसरा मुलगा मोटारसायकलवर जेवणाचे डबे पोहोचवणारा. रविवारी सर्वांत जास्त काम त्यांनाच. कुटुंबाला मिळून फिरायला वेळ नाही, ही आळसाची नव्हे, श्रमबाजाराची गोष्ट आहे. म्हणून फेरीचा आग्रह धरताना सुटीचा आग्रह सोडता येणार नाही. किंबहुना फेरीला कोण येऊ शकत नाही याची नोंद ठेवली, तर संघटनेचे निम्मे सर्वेक्षण आपोआप होईल.

आता जमिनीकडे वळू. रेसकोर्सच्या जागेचा भाडेपट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला. २०२४ साली ठरले ते असे : २११ एकरांपैकी ९१ एकर टर्फ क्लबकडे २०५३ पर्यंत, आणि १२० एकर महापालिकेच्या सार्वजनिक उद्यानासाठी. हे ऐकायला गोड आहे. परंतु १२० एकर म्हणजे सुमारे ४ लाख ८५ हजार चौरस मीटर. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. भागाकार केला तर माणशी सुमारे ३९० चौरस सेंटिमीटर येतात. तेवढ्यात दोन पावलेही धड टेकत नाहीत. अशी जमीन वाटून घेता येत नाही. ती गिरणीतल्या साच्यासारखी पाळीपाळीनेच वापरावी लागते. आणि ज्याची पाळी लागतच नाही, त्याचा हिस्सा हिशेबातून हळूच वगळला जातो.

हा नुसता तर्क नव्हे. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीतून एकतृतीयांश मोकळ्या जागांसाठी आणि एकतृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी देण्याची तरतूद केली होती. २००१ साली नियम बदलला. मोजणी संपूर्ण जमिनीची नव्हे, फक्त रिकाम्या भागाची, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल उचलून धरला. एका व्याख्येने मैदाने गिळली. आता रेसकोर्सखाली बांधकाम करण्याच्या योजना पुढे येत आहेत. जमिनीखाली काय होईल याच्या आश्वासनांपेक्षा वर दर आठवड्याला दोन हजार माणसे चालत असणे मला अधिक भरवशाचे वाटते. प्रवेशाची वेळ, दिवा, पाणी, बसायचा बाक, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि प्रवेशशुल्काला नकार, या मागण्या तेथे रोज जाणाऱ्यानेच करायच्या असतात.

फेरी कशी असावी? शर्यतीचा दिवस टाळावा. प्रायोजक नको, छापील बनियन नको, घड्याळ लावून धावणे तर नकोच. वेग ठरवावा तो सोबतच्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने. पक्षाचा झेंडाही घरीच ठेवावा, ही सूचना काहींना रुचणार नाही, पण मी ती मागे घेणार नाही. विरार, कल्याणला गेलेल्या जुन्या शेजाऱ्यांना पोस्टकार्ड नसले तरी निरोप जाऊ शकतो; महालक्ष्मी स्टेशन अजून तेथेच आहे. प्रत्येक चाळीतून दोन स्त्रिया आणि एक तरुण यांची नावे येत्या बुधवारपर्यंत शाखेच्या वहीत लिहून द्यावीत, म्हणजे पहिल्या फेरीची तारीख ठरवता येईल.