येलहंक्याचे तलाव आणि त्यांचे वाटेकरी

बंगळूरच्या उत्तरेला येलहंक्यात पुट्टेनहळ्ळी नावाचा तलाव आहे, जे. पी. नगरातला त्याच नावाचा तलाव वेगळा. येलहंक्यातल्या या तलावाला २०१५ साली कर्नाटक सरकारने पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. असा दर्जा मिळाला की पक्षी पाहायला माणसे येतात आणि निसर्ग-पर्यटनाची भाषा सुरू होते. पण ज्यांचा पाण्याशी रोजचा संबंध आहे, त्यांना निर्णयात आणि लाभात वाटा असेल तरच हे पर्यटन टिकते. जवळच्याच जक्कूर तलावात शुद्धीकरण केंद्रातले सांडपाणी पाणवनस्पतींच्या दलदलीतून गाळून येते. त्यामुळे तलाव भरलेला राहतो, भोवतालच्या विहिरींना पाझर लागतो, मासेमारी चालते, गुरांना चारा मिळतो. पाहुणे पक्ष्यांचे थवे पाहतात, त्यामागे ही सगळी साखळी उभी असते.

कोणी म्हणेल, लोकांना आत घेतले तर अतिक्रमण वाढेल, हे काम वनखात्याचेच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचा अनुभव वेगळा आहे. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले आणि कासव जगण्यात गावाचे हित आले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शहरात ‘लोक’ म्हणजे बहुधा सोसायट्यांतले रहिवासी, आणि त्यांना फिरण्यासाठी स्वच्छ वाट हवी असते, मासेमार आणि गवत कापणारे मात्र बाहेर राहतात. हा धोका खरा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा संवर्धन राखीव क्षेत्रासाठी सल्लागार समिती ठरवली, तीत ग्रामपंचायतीला जागा दिली. पण महानगराच्या हद्दीत ग्रामपंचायत नसते. तिथे पाण्यावर पोट असणाऱ्यांचा प्रतिनिधी कोण, याचे उत्तर कायद्याच्या त्या कलमात नाही.

म्हणून लोकसहभाग वगळणे हा उपाय नव्हे, तो रुंदावणे हा उपाय आहे. अशा समित्यांत मासेमार आणि गुरेवाल्यांना जागा द्या, वाटाड्याचे प्रशिक्षण आधी स्थानिक तरुणांना द्या, विणीच्या काळात काठ शांत ठेवण्याचा नियम सर्वांना सारखा लावा. श्रोतेहो, पुढच्या रविवारी तलावावर पक्षी पाहायला जाल, तेव्हा त्या पाण्यावर कोणाचे पोट आहे, हेही विचारा. आणि त्यांच्या हक्कासाठी महापालिकेकडे, वनखात्याकडे आपला शब्द टाका.