मोठा शब्द की नेमका शब्द?



इंग्रजीत अर्ज लिहायला बसले की आपल्या मुलामुलींना हमखास प्रश्न पडतो : 'हेल्प' लिहावे की 'असिस्ट'? 'बाय' की 'पर्चेस'? 'बिगिन' की 'कमेन्स'? शब्दकोशात अर्थ जवळपास एकच. मग वाटते, मोठा शब्द लिहिला तर आपण अधिक शिकलेले दिसू. या समजुतीविषयीच मी दोन शब्द बोलणार आहे.

या जोड्या आल्या कोठून? १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबाराची भाषा पुढे फ्रेंच झाली, विद्वानांची लॅटिन होतीच; शेतकरी-कामकरी मात्र इंग्रजीच बोलत राहिले. म्हणून 'आस्क' हा तिथला घरचा शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, तर 'इंटरॉगेट' लॅटिनमधून. आई मुलाला 'आस्क' करते, पोलीस आरोपीला 'इंटरॉगेट' करतात. मोठ्या शब्दांना हा मान सत्तेमुळे मिळाला. न्यायालयात आपल्याविषयी काय बोलले जाते हेच लोकांना कळेना, तेव्हा तेथील कामकाज इंग्रजीतून बोलले जावे असा कायदा १३६२ साली करावा लागला!

मग निवड कशी करावी? कोणाला लिहितो, कशासाठी लिहितो, हे आधी पाहावे. रजेच्या अर्जात 'आय वॉन्ट' उद्धट वाटते, तेथे 'आय रिक्वेस्ट' हवे. कचेरीच्या पत्रात 'किड्स' नको, 'चिल्ड्रन' लिहावे. उलट मित्राच्या पत्रात 'कमेन्स' लिहिले तर तो हसेल. वडील वारल्याचे लिहिताना आपल्याकडे 'एक्स्पायर्ड' लिहितात. पण तो शब्द आज मुख्यतः औषधाची किंवा पासाची मुदत संपल्यावर वापरतात. 'डाइड' हा साधा शब्द पूर्ण सभ्य आहे.

आणि साधा शब्द हलका नसतो. आपल्या संविधानाची इंग्रजी उद्देशिका पाहा. तेथे 'ॲडॉप्ट' आणि 'एनॅक्ट' या भारदस्त शब्दांच्या शेजारीच 'गिव्ह' हा लहान मुलालाही कळणारा शब्द सन्मानाने बसला आहे. तिन्ही आपापल्या जागी नेमके आहेत.

विद्यार्थी मित्रहो, भारी शब्दाच्या धाकाने अर्ज अर्धवट टाकू नका. जो शब्द पूर्ण समजला आहे तोच लिहा, आणि नवा शब्द त्याची जागा ओळखून शिका. भाषेने दबू नये, भाषा वापरावी.