आधी वळू, मग गाय



"एखाद्या आदिवासी कुटुंबाला गाय घेऊन द्यायची आहे," असं तुमच्यापैकी अनेकजण प्रेमाने सांगता. त्यावर माझा पहिला प्रश्न असतो: त्या पाड्यावरचा वळू कसा आहे?

आपल्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डांगाण पट्ट्यात, महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांकडे डांगी जनावरं आहेत. तेलकट कातडीची, टणक खुरांची ही जात सह्याद्रीच्या मुसळधार पावसातही भातखाचरात उभी राहते. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथे देखण्या वळूभोवती गर्दी होते. पण वळू देखणा आहे म्हणून तो गाई फळवेलच असं नाही.

गाय उलटली, पुन्हा 21 दिवसांनी माजावर आली, पुन्हा उलटली, की ती भाकड ठरते आणि पडत्या भावात विकली जाते. दोष मादीचा, हे ठरलेलंच. गोठ्यात तसं आणि घरातही तसंच, हे तुम्ही जाणता. खरं म्हणजे एका गाईत दोष असेल तर एका घराचं दूध जातं. वळूत दोष असेल तर सगळ्या पाड्याचं जातं. म्हणून एकाच वळूच्या बऱ्याच गाई उलटू लागल्या, तर पशुवैद्यकाने आधी वळू तपासावा.

तपासणी अवघड नाही. डोळे, खुरं आणि मागचे पाय पाहतात, कारण गाईवर चढताना सगळा भार मागच्या पायांवर येतो. दोन्ही वृषणं सारखी आणि घट्ट आहेत का, हे हाताने चाचपून, टेपने घेर मोजतात. मग रेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शुक्राणू पुढे धावतात का? त्यांचा आकार नीट आहे का? माजावरच्या गाईजवळ वळू किती उत्सुक आहे, हेही बघतात.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. आज आलेल्या तापाचा परिणाम पुढे कित्येक आठवडे दिसू शकतो. म्हणून एका नमुन्यावरून वळू बाद करू नये. 60 दिवसांनी पुन्हा तपासावा. रक्ताची तपासणी मात्र टाळू नये. ब्रुसेलोसिसने गाई गाभडतात, आणि कच्च्या दुधातून किंवा वार उघड्या हातांनी हाताळल्याने तो रोग माणसालाही होतो. असा वळू कळपात ठेवू नये.

कृत्रिम रेतन चांगलंच. पण माज जेमतेम दिवसभर टिकतो. भर पावसात तेवढ्या वेळात दूरच्या पाड्यावर कोण पोहोचणार? तिथे वळूच आधार.

ईयोबाच्या 21व्या अध्यायात भरभराटीच्या घराचं वर्णन आहे. त्याच्या 10व्या वचनात आधी वळू येतो, मग गाय. आपणही तोच क्रम ठेवू या. गाईसाठी देणगी देताना वळूच्या तपासणीचा खर्चही त्यात धरा.