तोंडातील जमाखर्च
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



दात किडले म्हणजे गोड खाल्ले किंवा दात नीट घासले नाहीत, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक वेळा तो खराही असतो. परंतु काही रुग्ण, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या स्त्रिया, दोन्ही वेळा दात घासूनही एकामागून एक दात गमावतात आणि वर निष्काळजीपणाचा ठपका सोसतात. अशा वेळी मूळ दोष कधी कधी रोगप्रतिकारशक्तीत असतो.

स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा विकाराचे सविस्तर वर्णन केले. पुढे विकारास त्यांचेच नाव मिळाले. यात शरीराच्या रक्षक पेशीच लाळग्रंथी व अश्रुग्रंथींवर हल्ला करतात. डोळे चुरचुरतात, तोंड कोरडे पडते, भाकरीचा घास पाण्यावाचून उतरत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा विकार कितीतरी अधिक आढळतो. आमवाताच्या रुग्णांतही तो दिसतो.

वाणिज्य शाखेचे असल्याने आम्ही हे जमाखर्चाच्या भाषेत समजून घेतले. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्यात दातांचे कॅल्शियम व फॉस्फेट खर्ची पडते. लाळ ते आम्ल सौम्य करते, खनिजे पुन्हा जमा करते आणि जंतूंनाही आवर घालते. निरोगी माणसाच्या तोंडात रोज सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. ती आटली की जमेची बाजू कोरी राहते, खर्च मात्र चालूच राहतो. म्हणूनच कीड हिरड्यांलगत, दातांच्या मुळांशीही लागते.

हा विकार समूळ बरा करणारे औषध नाही. तरीही दात वाचवता येतात. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, दंतवैद्यांकडून फ्लोराइडचा लेप, घोट-घोट पाणी आणि नियमित तपासणी यांचा आधार मोठा आहे. वारंवार गोड चहा टाळावा. तंबाखू व मिश्री वर्ज्य करावी. काही औषधांनीही तोंड कोरडे पडते; मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत.

देणगीदारांस आमची नम्र विनंती आहे. दंतविभागातील खुर्ची अतिदक्षता विभागाइतकी डोळ्यांत भरत नाही. परंतु बाह्यरुग्ण दंतोपचारांचा खर्च नेहमीच्या आरोग्यविम्यातून सहसा मिळत नाही. कुटुंबे उपचार पुढे ढकलतात आणि दात जातात. दात गेले की चावून खाणे गेले, आणि मोकळेपणाने हसणेही गेले. दान देताना या खुर्चीचेही स्मरण असावे. आणि घरातील कोणी कोरड्या तोंडाची तक्रार केली, तर बोल लावण्यापूर्वी त्यांना तपासणीस घेऊन यावे.